रफार

उदगीरच्या आमच्या कलाछंद मंडळात
एकवीस सभासद, बारा इझल, एक उसनी शिडी
आणि खजिनदार म्हणून मी.
दर मार्गशीर्षात कन्या शाळेचा हॉल तीन दिवस मिळतो:
बाकं व्हरांड्यात रचायची, भिंतीला खिळा मारायचा नाही.
म्हणून सगळं सुतळीवर.
वारा आला की चित्रं हलतात,
आणि हुडे सरांचा किल्ल्याचा बुरूज,
सतरा वर्षं तोच बुरूज,
दरवर्षी थोडा डावीकडं कलतो.

अयोध्याबाई बिरादार अंगणवाडीतून रिटायर झाल्या,
खताच्या पोत्याच्या आतल्या बाजूवर रंगवतात.
यंदा देवणी गाय काढली
कानातल्या पिवळ्या बिल्ल्यासकट,
नंबरही खरा.
जनावरांचे डॉक्टर आले, वाकून म्हणाले,
"ही तर जळकोट रोडच्या केंद्रेंची."
एवढी मोठी दाद आमच्या वहीत कधी पडली नव्हती.

मुंजाजी आठवीत आहे, फक्त बोअरच्या गाड्या काढतो.
नळी, धूळ, तमिळ अक्षरं, सगळं जिथल्या तिथं.
पाणी कुठंय रे, विचारलं
तर म्हणे, लागलंच नाही.

बोर्ड मात्र गौस पेंटरचा असायचा.
खळ दिलेलं कापड, निळ्या सावलीची लाल अक्षरं.
अर्ध्या मोंढ्याच्या पाट्या एकेकाळी त्यांच्याच हातच्या.
तुम्हीबी एखादं चित्र लावा की, म्हटलं
तर हात झटकायचे:
"मी अक्षरवाला माणूस. चित्रातलं आपल्याला कळत नाही."

यंदा देणगीदार मिळाले.
बियाण्यांचे व्यापारी, नगरपालिकेला उभे राहणार.
त्यांनी फ्लेक्स दिला, बारा बाय आठ, पिवळाधमक:
डावीकडं ते, उजवीकडं चिरंजीव,
आणि मधोमध
भव्य चित्रकला प्रर्दशन.

नारळ फुटला, फीत कापली.
दोन मराठीचे मास्तर त्याच्याखालून
चार वेळा आत-बाहेर झाले.

दुसऱ्या दिवशी लाईट गेलेली असताना गौसभाई आले.
सगळी चित्रं बघितली, गाईपाशी जरा जास्त.
वहीत काही लिहिलं नाही.
मला बाजूला घेतलं
आणि शेजाऱ्याच्या पोराची खोडी सांगावी
तसं हळू म्हणाले,
"सर, रफार चुकीच्या डोक्यावर बसलाय."

मी वर बघितलं.
द-च्या डोक्यावर. शेजारी श बोडकाच.

संध्याकाळी सायकलच्या हँडलला दोन डबे अडकवून आले.
शिडी मी धरली.
आधी पिवळा जुळवला, झाकणावर, दोनदा फसला,
तिसऱ्यांदा त्यांचा पिवळा कुठं संपतो
आणि फ्लेक्सचा कुठं लागतो, मला दिसेना.
द मोकळा झाला.
मग लाल. बारीक ब्रश. श्वास रोखलेला,
शिडीवरून माझ्या तळहातांना कळत होता.
एका वळणात श-वर ठेवला,
ओलेत्या लेकराला टोपडं घालावं तसा.

खाली पन्नासेक माणसं माना वर करून.
आत तीन दिवसांत एका चित्रापुढं
इतकी कुणी उभी राहिली नव्हती.
मुंजाजी म्हणाला, परत एकदा करा.

पैसे विचारले. "एका रफाराचे काय पैसे?"
दोन पायऱ्या उतरले, थांबले.
"चहा सांगा. मोठा."
खर्चाच्या वहीत आहे: चहा दोन, रुपये तीस.

प्रदर्शन उठल्यावर फ्लेक्स केंद्रेंनी मागून नेला,
कडब्याच्या गंजीवर टाकायला.
चैत्रात वर्गणीसाठी गेलो
तर उन्हानं सगळं खाऊन टाकलेलं:
चिरंजीव गेले, भव्य गेलं,
व्यापारी साहेबांची तेवढी मिशी उरलेली.
आणि पांढऱ्या पडलेल्या कापडावर
एक पिवळा ठिपका,
त्याच्या शेजारी, कुठल्याच अक्षराच्या डोक्यावर नसलेला,
लालभडक रफार.

गंजीच्या सावलीत गाय रवंथ करत होती.
नंबर मला पाठ होता.